दिसते ती फक्त बॅट



३० ऑक्टोबर २०२५ ची रात्र तुमच्यापैकी अनेकींच्या लक्षात असेल. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. समोर ऑस्ट्रेलियाचा संघ. त्यांनी ३३८ धावा केल्या, म्हणजे आपल्या मुलींना जिंकायला ३३९ हव्या होत्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग करून तोवर कोणताच संघ जिंकला नव्हता. आपण जिंकलो. जेमिमा रॉड्रिग्जने १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा केल्या. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुलींनी पहिल्यांदा विश्वचषक जिंकला.

त्यानंतर तुमच्या घरातल्या, नाहीतर शेजारच्या एखाद्या मुलीने म्हटलं असेल, "मलाही क्रिकेट शिकायचंय." आणि घरातलं कुणीतरी म्हटलं असेल, "चेंडू आला की बॅट मारायची, त्यात शिकायचं काय? आणि त्यासाठी रोज दोन तास कशाला हवेत?"

आज याच प्रश्नावर बोलायचं आहे. कारण या प्रश्नाचं उत्तर काय देतो, त्यावर त्या मुलीचे रोजचे दोन तास ठरतात. आणि दोन तास कशासाठी लागतात हे आपल्याला माहीत नसेल, तर ते पहिल्यांदा कापले जातात ते मुलीचेच.

जेमिमा मुंबईच्या उपनगरातली. मुंबई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गेटवे आणि चर्चगेट येतं. पण मुंबईची बहुतेक माणसं राहतात उपनगरात. पश्चिमेला वांद्र्यापासून अंधेरी, बोरिवली, दहिसरपर्यंत, आणि पूर्वेला कुर्ल्यापासून घाटकोपर, भांडुप, मुलुंडपर्यंत. जेमिमाचा जन्म भांडुपचा, ५ सप्टेंबर २००० चा. तिने त्या रात्री जे केलं ते आपण टीव्हीवर पाहिलं. आता जे दिसलं नाही ते एकेक करून पाहू.

अर्धा सेकंद

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे साधारण २० मीटर लांब असते. गोलंदाज जिथून चेंडू सोडते ती रेघ आणि फलंदाज जिथे उभी असते ती रेघ यांत अंतर साडेसतरा मीटरच्या थोडं वर. आपल्याकडचं एखादं लांब घर, ओटीपासून परसदारापर्यंत, एवढं भरेल. महिला क्रिकेटमधली वेगवान गोलंदाज ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने चेंडू टाकते. या वेगाने चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. तोंडाने "एक" म्हणेपर्यंत चेंडू आलेलासुद्धा असतो.

आता या अर्ध्या सेकंदाचा हिशोब करा. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मेंदूपर्यंत जाऊन हात हलायला सुरुवात व्हायलाच साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. बॅट वर नेऊन खाली आणायलाही वेळ लागतो. म्हणजे चेंडू नीट पाहून, विचार करून, मग मारू असं ठरवलं तर चेंडू निघून गेलेला असतो.

मग ती खेळते कशी? चेंडू सुटायच्या आधीच ती वाचायला लागते. गोलंदाज धावत येताना पावलं कशी टाकते, उडी घेताना खांदा किती वळला, मनगट सरळ आहे की तिरकं, चेंडूची शिवण कोणत्या बाजूला आहे, बोटं शिवणीवर आहेत की शेजारी. यावरून तिला अंदाज येतो की चेंडू आत येणार की बाहेर जाणार, वेगात येणार की मुद्दाम हळू टाकलेला असणार. चेंडू सुटल्यावरचा पहिला थोडा भाग पाहून टप्पा कुठे पडेल ते कळतं. टप्पा जवळ पडणार असेल तर पाय पुढे, आखूड असेल तर मागे. हे सगळं त्या अर्ध्या सेकंदात.

तुम्ही म्हणाल, एवढं कुणाला जमतं? तुम्हालाही अशा गोष्टी जमतात. भाकरीचं पीठ मळताना तुम्ही पाणी मोजून घालत नाही. पिठात हात घातला की कळतं, पिठाची विरी गेली आहे, आज गरम पाणी लागेल. तवा तापला की नाही हे तुम्ही थर्मामीटर लावून पाहत नाही. नवीन सुनेला विचारा, तिची भाकरी चिरते आणि का चिरते ते तिला सांगता येत नाही. तुमच्या हाताला जे कळतं ते हजारो भाकऱ्या थापल्यावर कळायला लागलं आहे. फलंदाजाच्या डोळ्यांना आणि पायांना जे कळतं ते हजारो चेंडू खेळल्यावर कळायला लागतं. म्हणून रोजचे दोन तास.

दहातले सात वेळा चुकणं

क्रिकेटसारखाच बॅट आणि चेंडूचा एक खेळ अमेरिकेत फार आवडीने खेळतात, बेसबॉल. आपल्याकडेही शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल असतात, तुमच्या एखाद्या मुलीने खेळलेही असतील. बेसबॉलमध्ये चेंडूचा टप्पा पडत नाही, तो सरळ अंगावर येतो. गोलंदाज १८ मीटरच्या थोडं पुढून ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फेकतो. बॅट गोल असते, वरवंट्यासारखी, आणि गोल चेंडूला गोल बॅट नेमकी मधोमध लागली तरच काही होतं. तिथे एक गंमत आहे. धंदेवाईक बेसबॉलमध्ये जो दहा वेळांपैकी तीनदा चांगला फटका मारतो त्याला उत्तम फलंदाज मानतात. म्हणजे सात वेळा तो चुकतो, आणि तरी तो उत्तम.

क्रिकेटमध्ये तेवढीही मुभा नाही. एक चूक झाली की दिवसभराचं काम संपलं, मैदानाबाहेर जाऊन बसायचं. सर्वांत चांगली फलंदाजही अनेकदा लवकर बाद होते. आपण टीव्हीसमोर बसून म्हणतो, "असा कसा फटका मारला?" पण जिचा डाव फसला तिला दोन दिवसांनी पुन्हा त्याच खेळपट्टीवर, त्याच गर्दीसमोर उभं राहायचं असतं. चुकल्यावर पुन्हा उभं राहणं हा या कामाचा मोठा भाग आहे, आणि तोही शिकावा लागतो.

एकही षटकार नाही

जेमिमाच्या त्या १२७ धावांत एकही षटकार नव्हता. चौकार होते १४, त्यांच्या ५६ धावा झाल्या. उरलेल्या ७१ धावा तिने पळून काढल्या. एका धावेला साडेसतरा मीटरच्या वर पळायचं, म्हणजे ७१ धावांना सव्वा किलोमीटर. शिवाय समोरच्या जोडीदारणीने काढलेल्या धावांसाठीही तिलाच पळायचं. पायाला पॅड, डोक्यावर हेल्मेट, हातात बॅट. सरळ रेषेत सलग नाही, तर पळायचं, थांबायचं, वळायचं, परत पळायचं. आणि त्याआधी ऑस्ट्रेलियाचा डाव चालू असताना जवळजवळ पन्नास षटकं तिने उभं राहून क्षेत्ररक्षण केलं होतं.

पळणंसुद्धा नुसतं पळणं नसतं. चेंडू मारल्यावर पळायचं की नाही हे दोघींनी एकाच क्षणी ठरवायचं असतं. एक निघाली आणि दुसरी थांबली की धावबाद. म्हणून दोघी सतत बोलत असतात. "हो", "नको", "थांब", "दोन". कुणाच्या हाताकडे चेंडू गेला, ती उजव्या हाताने फेकते की डाव्या, तिचा फेक किती जोरात असतो, हे आधी माहीत असावं लागतं. तुम्ही दोघी जणी मिळून भरलेली घागर किंवा जड पाटी उचलता तेव्हा एकीने आधी आणि दुसरीने नंतर उचलून चालत नाही, तसंच हे.

मैदानावर गोलंदाज आणि विकेटकीपर सोडून नऊ जणी उभ्या असतात. अनेकदा त्यांच्यातल्या काही जणी जागा बदलतात. फलंदाजाने नजर फिरवून लक्षात ठेवायचं की मोकळी जागा कुठे आहे. कर्णधाराने ती जागा मोकळी का ठेवली असेल याचाही विचार करायचा, कारण कधी कधी ते आमिष असतं. तिथे मारायला गेलं की झेल उडतो.

हप्त्यांचा हिशोब

३३९ धावा ५० षटकांत करायच्या म्हणजे प्रत्येक षटकाला जवळजवळ पावणेसात. बचत गटातल्या बायकांना हे लगेच कळेल. कर्जाचा हप्ता एका महिन्यात कमी भरला की पुढच्या महिन्यांवर भार चढतो. इथेही तसंच. एका षटकात तीनच धावा झाल्या तर राहिलेल्या चार पुढे कुठेतरी भरून काढाव्या लागतात. पण एकदम सगळं फेडायच्या घाईत मोठा फटका मारायला जावं तर बाद होण्याचा धोका. त्यामुळे कोणत्या गोलंदाजाला सांभाळायचं, कुणाच्या षटकात जास्त काढायच्या, आपली कोण फलंदाज अजून यायची आहे, हे गणित डोक्यात सतत चालू ठेवावं लागतं.

त्या रात्री १३ धावांवर पहिली विकेट गेली आणि जेमिमा आली. ५९ वर दुसरी गेली, तीही स्मृती मानधनाची. मग जेमिमा आणि कर्णधार हरमनप्रीत कौर यांनी १६७ धावांची भागीदारी केली. हरमनप्रीत ८९ वर बाद झाली. तिच्यानंतर दीप्ती शर्मा, रिचा घोष आणि अमनजोत कौर यांनी लहान पण वेगवान डाव खेळून भार हलका केला. जेमिमाचे झेलही सुटले, नशिबाने साथ दिली. तरीही ती शेवटपर्यंत टिकली आणि नऊ चेंडू राखून सामना जिंकला.

दुसरी एक गोष्ट ऐका. सामन्यानंतर जेमिमाने सांगितलं की आपल्याला पाचव्या क्रमांकावर खेळायचं आहे असंच ती धरून चालली होती. तिसऱ्या क्रमांकावर जायचं हे तिला आपला डाव सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी, अंघोळ करून येताना कळलं. तिसऱ्या क्रमांकाला चेंडू नवा आणि टणक असतो, जास्त वळतो. पाचव्याला जुना असतो आणि फिरकी गोलंदाज असतात. म्हणजे काम तेच, पण अवजार वेगळं आणि जमीन वेगळी. त्यासाठी पाच मिनिटं.

आणि याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून तिला वगळलं होतं. त्या महिन्यात आपल्याला मनाचा खूप त्रास झाला, जीव घाबरायचा, रोज रडू यायचं, घरच्यांनी आणि संघातल्या मैत्रिणींनी सांभाळलं, हे तिने साऱ्या जगासमोर सांगितलं. मला हे तिच्या शतकाइतकंच महत्त्वाचं वाटतं. मन थकलं तर ते सांगावं, मदत घ्यावी, आणि त्यामुळे आपण कमी ठरत नाही, हे आपल्या मुलींनी एका विश्वविजेत्या खेळाडूकडून ऐकलं.

घर, लोकल आणि मैदान

जेमिमाचे वडील इव्हान रॉड्रिग्ज स्वतः क्रिकेट खेळलेले आणि शाळेतल्या मुलांना शिकवणारे. तेच तिचे प्रशिक्षक. दोन मोठ्या भावांबरोबर ती लहानपणापासून खेळली. भांडुपला खेळाच्या पुरेशा सोयी नव्हत्या, म्हणून कुटुंब वांद्र्याला राहायला गेलं. मुलीच्या खेळासाठी घर हलवणं ही गोष्ट आपल्याकडे किती घरांत होईल? ती हॉकीही खेळली, महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील संघापर्यंत पोचली. २०१७ मध्ये १९ वर्षांखालील मुलींच्या सामन्यात मुंबईकडून सौराष्ट्राविरुद्ध तिने नाबाद २०२ धावा केल्या. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, सतराव्या वर्षी ती भारताकडून खेळली. त्यानंतर रस्ता सरळ नव्हता. २०२२ च्या विश्वचषकासाठी तिची निवड झाली नाही.

बोरिवलीचा रोहित शर्मा पाहा. घरची परिस्थिती बेताची, म्हणून तो बोरिवलीत आजी-आजोबांकडे राहून वाढला. काकांनी पैसे दिले म्हणून एका शिबिरात गेला. तिथे प्रशिक्षक दिनेश लाड यांची नजर पडली. त्यांनी त्याला गोराईतल्या स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितलं, फी भरणं शक्य नव्हतं तेव्हा फी माफ करवून घेतली. तेव्हा रोहित फिरकी गोलंदाज होता. तो फलंदाजी चांगली करतो हे लाड सरांच्या नंतर लक्षात आलं. म्हणजे कोणत्या मुलात काय आहे ते ओळखणारा माणूसही भेटावा लागतो.

आणि उपनगरातल्या मुलांची रोजची ये-जा वेगळीच. मुंबईची नावाजलेली मैदानं, आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, ही सगळी उपनगरांच्या दक्षिणेला, शहरात. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या पोराने पहाटे उठायचं, बॅट, पॅड, हेल्मेट भरलेली आपल्याहून मोठी बॅग लोकलच्या गर्दीत चढवायची, तासभर उभं राहून जायचं, दिवसभर उन्हात खेळायचं आणि संध्याकाळी पुन्हा त्याच गर्दीत परत यायचं. मुलगी असेल तर घरचे विचारतात, एकटी जाणार का, किती वाजता येणार, कपडे कुठे बदलणार, मैदानावर संडास आहे का. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण या प्रश्नांची उत्तरं शोधायची की प्रश्नांपाशीच थांबायचं, इथे मुलीचं भवितव्य अडतं.

पोट भरतं का?

आता पैशाचं बोलू, कारण ते बोलल्याशिवाय घरचे ऐकत नाहीत.

आपल्या बायका फार वर्षांपासून क्रिकेट खेळत आहेत. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली. भारतीय महिला संघ पहिला कसोटी सामना १९७६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध खेळला. त्या काळच्या खेळाडूंनी रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास केला, शाळा-धर्मशाळांत जमिनीवर झोपून सामने खेळले, अनेकदा पदरचे पैसे घातले. मुंबईच्या डायना एडलजी यांच्यासारख्या अनेकींना आधार मिळाला तो रेल्वेतल्या नोकरीचा. २००५ च्या विश्वचषकात आपण उपविजेते झालो, तेव्हा एका सामन्याला हजार रुपये मिळाले होते, असं त्या वेळच्या कर्णधार मिताली राज यांनी सांगितलं आहे. महिला क्रिकेट पुरुषांच्या क्रिकेट मंडळाखाली आलं ते २००६ मध्ये.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने ठरवलं की भारताकडून खेळणाऱ्या महिलांना आणि पुरुषांना एका सामन्याचं मानधन सारखंच मिळेल. कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. त्याआधी एकदिवसीय सामन्याला महिलांना १ लाख मिळायचे. मग २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. पहिला लिलाव मुंबईतच, वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. सांगलीच्या स्मृती मानधनाला बंगळुरूच्या संघाने ३ कोटी ४० लाखांना घेतलं.

आकडे ऐकून डोळे दिपतात. पण त्याच लिलावातली दुसरी गोष्ट पाहा. उपनगरांच्या वेशीवरच्या धारावीतली सिमरन शेख हिला २०२३ मध्ये उत्तर प्रदेशच्या संघाने १० लाखांना घेतलं. त्या वर्षी तिच्या फारशा धावा झाल्या नाहीत. पुढच्या वर्षी तिला कुणीच घेतलं नाही. तिने खेळणं सोडलं नाही. डिसेंबर २०२४ च्या लिलावात गुजरातच्या संघाने तिला १ कोटी ९० लाखांना घेतलं. एका वर्षी शून्य आणि पुढच्या वर्षी जवळजवळ दोन कोटी. पावसावरच्या शेतीसारखंच हे. पीक आलं तर आलं, आणि बियाणं मात्र दर वर्षी टाकायचं.

शिवाय जागा मोजक्या. लीगमध्ये पाच संघ, एका संघात जास्तीत जास्त १८ खेळाडू, त्यातल्या काही परदेशी. मंडळाचा वार्षिक करार मिळतो तो देशभरातून मोजक्याच मुलींना. आणि दुखापत कधी होईल याचा नेम नाही. याच विश्वचषकात प्रतिका रावलने ३०८ धावा केल्या होत्या. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात तिचा पाय मुरगळला आणि उपांत्य, अंतिम दोन्ही सामने हुकले. तिच्या जागी आलेल्या शफाली वर्माने अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली. एकीचा पाय मुरगळला आणि दुसरीचं दार उघडलं. दोघींची मेहनत मात्र सारखीच होती.

म्हणून मुलीला "तू खेळून कोट्यधीश होशील" असं सांगू नका. ते खरं नाही. बहुतेक मुली भारताच्या संघापर्यंत पोचणार नाहीत. तिचं शिक्षण चालू राहिलंच पाहिजे. पण "यात काय आहे, वेळ वाया" असंही सांगू नका, कारण तेही खरं नाही.

आपल्या हातात काय आहे?

पहिलं म्हणजे, माहिती काढा. महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत. मुंबईची, पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट संघटना, आणि नागपूरची विदर्भ क्रिकेट संघटना. आपला जिल्हा कोणत्या संघटनेत येतो आणि मुलींच्या निवड चाचण्या कधी असतात, हे विचारा. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय असतं, तालुक्यालाही क्रीडा अधिकारी असतात. शाळेच्या क्रीडा शिक्षकांना विचारा की शालेय स्पर्धेत मुलींचा संघ पाठवता का. एकट्या आईने विचारलं तर "बघू" म्हणतात. गटातल्या दहा जणींनी मिळून विचारलं तर नोंद घ्यावी लागते, हे तुम्हाला रेशनच्या आणि पाण्याच्या वेळी कळलंच आहे.

दुसरं, खेळ फक्त क्रिकेट नाही. कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं, सॉफ्टबॉल, जे गावात शिकवणारं कुणी आहे ते. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत क्रीडा गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रं जपून ठेवा, नियम बदलतात, म्हणून क्रीडा कार्यालयात जाऊन ताजी माहिती घ्या.

तिसरं, शरीर. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायका-मुलींच्या अंगात रक्त कमी असतं. अशी मुलगी दहा मिनिटं पळली की तिला दम लागतो आणि आपण म्हणतो, हिला जमत नाही. आधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. तिच्या ताटात डाळ, उसळ, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी, जमत असेल तर अंडं, हे भावाच्या ताटाइतकंच असू द्या. पायात मापाचे बूट हवेत, कारण पळताना वळल्यावर गुडघा दुखावण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. आतले कपडे नीट आधार देणारे हवेत. पाळीच्या दिवसांत खेळायचं की विश्रांती घ्यायची हे तिला ठरवू द्या. खेळल्याने काही बिघडत नाही आणि विश्रांती घेतल्याने ती आळशी ठरत नाही.

चौथं, वेळ. संध्याकाळी पाच ते सात ही सरावाची वेळ, आणि नेमकी तीच पाणी भरायची, गुरांची, चुलीची वेळ. भाऊ मैदानावर आणि बहीण हंड्यापाशी, असं होत असेल तर कामाची वाटणी पुन्हा करायला हवी. मुलगी सरावाला जाते तेव्हा ती उंडारायला गेली असं म्हणू नका. शिवणाच्या क्लासला जाते तेव्हा आपण म्हणतो का तसं? तिथे हात बसतो, इथे डोळा आणि पाय बसतात.

बायकांचं काम असंच असतं. लोणचं ताटात दिसतं, कैऱ्या निवडल्या, चिरल्या, उन्हात ठेवल्या, मसाला भाजला ते दिसत नाही. त्यामुळे न दिसणारी मेहनत ओळखायला आपल्याला कुणी शिकवायला नको. टीव्हीवर दिसणाऱ्या बॅटमागचीही ओळखू या.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. आपल्या गावात खेळणाऱ्या मुली किती, त्यांना शिकवणारं कोण, मैदान कुठे, तिथे जायची वाट अंधारी आहे का आणि तिथे संडास आहे का, एवढं वहीत लिहून काढा. आणि ती वही घेऊन ग्रामसभेला जा.